बुलेट ट्रेन आणि फूटबोर्डवरचा प्रवासी

जगातल्या वेगवान गाड्यांची चर्चा आपल्याकडे ताशी किती किलोमीटर इथे सुरू होते आणि तिथेच संपते. फ्रान्स, चीन, मोरोक्को, मक्का-मदिनेची हरमैन रेल्वे, सगळ्यांचे आकडे आपल्याला पाठ असतात. पण ज्या जपानपासून ही गोष्ट सुरू झाली, त्याने असा मार्ग का बांधला हे क्वचितच कुणी विचारतं.

तोक्यो ते ओसाका हा जुना तोकाइदो मार्ग 1950 च्या दशकात भरून वाहत होता. एक्स्प्रेस, मालगाड्या आणि लोकल, सगळ्यांची त्याच रुळांवर गर्दी. वेगाचं आकर्षण होतंच, पण मूळ अडचण जागेची होती. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात नव्या मुलांना हाच फरक समजावून सांगावा लागतो: एक काम किती लवकर होतं हे वेगळं, आणि तासाला एकूण किती कामं होतात हे वेगळं. शिंकान्सेनसाठी वेगळे, जास्त रुंदीचे रूळ टाकले गेले. लांब पल्ल्याचे प्रवासी तिकडे वळले आणि जुना मार्ग लोकल व मालगाड्यांना मोकळा झाला.

1 ऑक्टोबर 1964 रोजी ताशी 210 किलोमीटर वेगाने पहिली गाडी धावली. खर्च अंदाजाच्या जवळपास दुप्पट झाला होता. ज्यांनी हा प्रकल्प रेटला ते रेल्वेप्रमुख शिन्जी सोगो आणि मुख्य अभियंता हिदेओ शिमा 1963 मध्येच पायउतार झाले होते.

आता या कथेतला झाकलेला भाग. शिंकान्सेनचं काम चालू असतानाच, मे 1962 मध्ये तोक्योतल्या मिकावाशिमा इथे गाड्यांच्या धडकेत 160 माणसं गेली. नोव्हेंबर 1963 मध्ये योकोहामाजवळ त्सुरुमी इथे पुन्हा तसंच, दीडशेहून अधिक मृत्यू. त्यानंतर त्याच सरकारी रेल्वेने देशभर गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा बसवली. 1965 पासून तोक्योकडे येणाऱ्या पाच दिशांच्या उपनगरी मार्गांवर जादा रूळ टाकायला घेतले. बुलेट ट्रेन आणि लोकल ही दोन्ही कामं एकाच संस्थेने, एकाच काळात हाती घेतली.

आपल्याकडे मुंबई–अहमदाबाद हा 508 किलोमीटरचा मार्ग त्याच जपानी तंत्राने होतो आहे. वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा 21 किलोमीटरचा बोगदा, त्यातला 7 किलोमीटर ठाणे खाडीखालून. शिळफाटा मुंब्र्याच्या शेजारी. आणि 9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर, समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं खाली पडली. चार जण त्याच दिवशी गेले. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांवर मृत्यू होतात, म्हणून ही बातमीही दोन दिवसांत जुनी झाली.

बुलेट ट्रेनला विरोध करणं सोपं आहे, आणि मला ते पटत नाही. चांगलं तंत्र आहे, इथे यायलाच हवं. पण विरार–डहाणूचं चौपदरीकरण 2016 साली, म्हणजे बुलेट ट्रेनच्या 2017 मधल्या भूमिपूजनाआधीच मंजूर झालं होतं. विरार आणि बोईसर ही बुलेट ट्रेनची स्थानकं त्याच पट्ट्यात आहेत. आपला खासदार पुढच्या वेळी मोहल्ल्यात आला की बुलेट ट्रेन कधी धावेल हे जरूर विचारा. त्याच दमात डहाणूच्या जादा रुळांची तारीखही विचारा, आणि मुंब्र्याचं वळण सरळ करायचं काय झालं, तेही.