हळद, मोबाईल आणि दक्षता

अमेरिकेतील 'युनिव्हर्सल सिक्युअर रजिस्ट्री' या कंपनीने २०१७ मध्ये 'ॲपल' व 'व्हिसा' यांच्यावर दावा लावला. मोबाईलवरून पैसे देताना ग्राहकाची ओळख पटविण्याच्या पद्धतीवर आपले पेटंट आहे, असे तिचे म्हणणे होते. ऑगस्ट २०२१ मध्ये तेथील फेडरल अपील न्यायालयाने तिची चारही पेटंटे अपात्र ठरविली. परिचित साधनांची नुसती जुळणी म्हणजे नवा शोध नव्हे, हा त्या निर्णयाचा मथितार्थ. पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळापुढेही यांपैकी काही पेटंटांना आव्हान दिले गेले होते.

धनाढ्यांच्या या भांडणाशी आपला काय संबंध? जखमेवर हळद लावण्याचे अमेरिकी पेटंट आठवावे. डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने त्याच कार्यालयात फेरतपासणी मागितली आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. आजीबाईच्या बटव्याप्रमाणेच देण्याघेण्याचा साधा व्यवहारही कोणाची खासगी जहागीर होता कामा नये.

आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के)ने व्यवसायपद्धतींना पेटंटच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. २००४ च्या अध्यादेशाने संगणक-आज्ञावलींसाठी या तटाला पाडलेले खिंडार संसदेने २००५ मध्ये बुजविले. तथापि, तट राखणारेच झोपले तर तटाचा उपयोग काय? पेटंट मंजूर होण्यापूर्वी हरकत घेण्याचा अधिकार कायद्याने कोणालाही दिला आहे. तो बजावणारे अभ्यासू तरुण घडविणे, हे आजचे स्वदेशी व्रत होय. यूपीआयचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाने एवढी दक्षता अंगी बाणवलीच पाहिजे.