रक्त नेलं, कागद कुठं आहे?



पाड्यावर गाडी येते. आशाताई सगळ्यांना बोलावते. बोटाला सुई टोचतात, रजिस्टरात नाव लिहितात, फोटो काढतात, गाडी निघून जाते. याला सरकार सिकलसेल तपासणी म्हणतं. १ जुलै २०२३ ला पंतप्रधानांनी मध्य प्रदेशात शहडोलला याचं मिशन सुरू केलं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत आजार संपवायचा, असं ठरलं. आकडा मोठा आहे. आपला प्रश्न साधा आहे: रक्त नेलं, त्याचा कागद कुठं आहे?

माझ्या चुलतभावाचं सांगतो. आश्रमशाळेत त्याचं रक्त घेतलं. निकाल ना त्याला सांगितला, ना काकांना. दहावीनंतर शाळा सुटली आणि काकांनी मुकादमाची उचल घेतली. पोरगा कोयत्यावर गुजरातला गेला. थंडीत पहाटे फडात उतरायचं, दिवसभर तोडणी, रात्री गाडी भरायची, धड पाणी नाही. एक दिवस हातपाय, छाती अशी दुखायला लागली की तो लोळून ओरडत होता. मुकादम म्हणे, नाटक करतो. खाजगी डॉक्टरनं सुई मारली, सलाईन लावलं, खर्च उचलीत चढला. पुढं जिल्ह्याला नेला तेव्हा कळलं, सिकलसेलचा रुग्ण आहे, एसएस. तो कागद आधी हातात असता तर काकांनी त्याला फडात पाठवलंच नसतं.

म्हणजे तपासणी झाली, पण पोरगा वाचवायला तिचा काय उपयोग झाला?

नीट समजून घ्या. गावात होते ती पहिली चाचणी. तिच्यात दोष दिसला तरी माणूस वाहक (एएस) आहे की रुग्ण (एसएस), हे दरवेळी कळत नाही. त्यासाठी दुसरी चाचणी लागते. वाहक आजारी नसतो. आईबाप दोघं वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक. ही गोष्ट आपल्या बोलीत कोण सांगतं? कोणी नाही. मग गावात नुसती कुजबुज होते आणि पोरीचं लग्न मोडतं. यात आपली पण चूक आहे. दोष आईबाप दोघांकडून येतो, बोट मात्र आपण पोरीकडंच दाखवतो. हे बंद झालं पाहिजे.

साहेब म्हणतात, आदिवासी अडाणी, बडव्याकडं जातात. अहो साहेब, बडवा निदान समोर बसवून काय झालं ते सांगतो तरी! तुम्ही रक्त नेता आणि तोंड दाखवत नाही.

डॉक्टर सांगतात, रुग्णानं भरपूर पाणी प्यावं, थंडीत राहू नये, अतिश्रम करू नये. बरोबर आहे. पण हे कोणाला जमेल? ज्याचं पोट स्वतःच्या शेतावर भरतं त्याला. वनहक्क कायदा २००६ चा, आणि आपले दावे अजून फायलीत पडून. पट्टा नाही म्हणून विहीर नाही, विहीर नाही म्हणून दुसरं पीक नाही, म्हणून कोयता. जमिनीची लढाई वेगळी आणि आजाराची वेगळी असं समजू नका.

ग्रामसभेत हा ठराव घ्या:

१) तपासलेल्या प्रत्येकाला निकाल लेखी द्या, बोलीत समजावून सांगा. तो चारचौघांत वाचू नका.
२) दुसरी चाचणी किती दिवसांत होणार ते लिहून द्या.
३) फॉलिक ॲसिड आणि हायड्रॉक्सियुरिया गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम ठेवा. एका गोळीसाठी जिल्ह्याला चकरा नकोत.
४) बाळ जन्मताच तपासा. रुग्ण बाळाला पेनिसिलीन आणि न्यूमोनियाची लस वेळेवर द्या.
५) २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेल आहे. रुग्णांना दाखले तालुक्यात शिबिर लावून द्या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक पाड्यानं दोन आकडे आणा: किती जणांचं रक्त नेलं आणि किती जणांच्या हातात कागद आला. ते घेऊनच आपण तालुक्याला जाऊ.

कागद द्या, गोळी द्या, पट्टा द्या!