भिडेवाड्याचा पट

पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडेवाडा डिसेंबर 2023 मध्ये, रात्रीच्या वेळी आणि पोलीस बंदोबस्तात, जमीनदोस्त झाला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा भरविली ती याच वाड्यात. पुढे तेथे दुकाने थाटली गेली, वर्षानुवर्षे खटला चालला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर राष्ट्रीय स्मारकासाठी जागा मोकळी झाली. स्मारकाला आमचा विरोध नाही. परंतु वाडा मोडकळीस येईपर्यंत ज्यांना जाग आली नाही, त्यांच्या भाषणांना टाळ्या वाजविण्याचेही कारण नाही.

याच शासनाने त्याच वर्षी सप्टेंबरात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे 'समूह शाळां'त रूपांतर करण्याचे प्रस्ताव मागविले. राज्यात अशा शाळा 14 हजारांहून अधिक! शाळा बंद करीत नाही, एकत्र करीत आहोत, असा खुलासा झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद तालुक्यातील आदिवासी पालकाला या शब्दच्छलाचा अर्थ कुणी समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की आठ वर्षांची मुलगी दुसऱ्या गावच्या शाळेत जात नाही. ती घरी बसते, आणि एकदा बसली की बसते.

भिडेवाड्यातील पहिल्या विद्यार्थिनी म्हणून सहा मुलींची नावे सांगितली जातात. सहा! आजचा निकष लावला असता तर ती शाळा पहिल्याच तपासणीत गुंडाळावी लागली असती.

पट मोजणाऱ्यांनी फुल्यांच्या एका विद्यार्थिनीची आठवण ठेवावी. फुले दांपत्याने पुण्यात काढलेल्या शाळांपैकी एकीत तीन वर्षे शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदया'त दोन अंकांतून छापला गेला. ती तेव्हा अवघी चौदा वर्षांची. थोरामोठ्यांच्या इमारतींच्या पायांत मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरीत असत, हे तिने निर्भयपणे लिहिले. वाड्यांचा असा इतिहास कोणत्या वाडेवाल्याने लिहिला होता?

पैसा नाही, ही सबब तर जुनीच. रयतेच्या करावर वरच्या वर्गाचे उच्च शिक्षण पोसले जाते आणि रयतेची मुले निरक्षर राहतात, हे जोतीरावांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे बजावले होते. त्यावरचा आमच्या शासनाचा तोडगा म्हणजे 2023 ची दत्तक शाळा योजना: देणगीदाराने ठरलेली रक्कम द्यावी आणि आपले नाव काही वर्षे शाळेच्या नावाला जोडून घ्यावे. लोकांच्या करातून, कित्येक ठिकाणी गावाने दिलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या शाळेचा हा लिलाव नव्हे तर काय?

तालुक्यातील कार्यकर्त्यांनी ग्रामसभांतून दोन ठराव करून घ्यावेत: पट कितीही असो, गावची शाळा गावातच राहील, आणि तिच्या दारावर देणगीदाराची पाटी लागणार नाही. ठरावावर त्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या सह्या घ्याव्यात. नोकरीनिमित्त बाहेरगावी गेलेल्यांच्याही.