हे सगळे आपले होते!

वाचकहो, दिवाळीत फराळाबरोबर घरोघरी आणखी एक पदार्थ वाढला जातो. तो म्हणजे आजोबांनी विकलेली जमीन. चकली डब्यात महिनाभर टिकते. ही जमीन मात्र दरसाल ताजी तळावी लागते.

आमच्याकडे तळणीचे काम थोरल्या काकांकडे. जमीन होती वर्धा रोडला, खापरीच्या बाजूस. पूर्वी काका ती बसमधून दाखवीत. २०१९ साली सीताबर्डीहून खापरीपर्यंत मेट्रो धावू लागली आणि जमिनीला फारच बरे दिवस आले. सीताबर्डीला गाडीत बसताना ती चार एकर असते. उज्ज्वलनगरला सात होते. विमानतळ दिसू लागला की अकरा! खापरी स्टेशन वेळेवर येते म्हणून बरे, नाहीतर मिहानचा सारा पसारा आमच्याच सातबाऱ्यावर निघायचा. "हे सगळं आपलं होतं रे बाप्पा!" काका डब्यातल्या परक्या माणसांनाही ऐकवतात. "बाबांना व्यवहार म्हणून कधी कळला नाही. एक मात्र खरं, माझी कॉलेजची फी भरताना कोणापुढे हात पसरला नाही त्यांनी."

आता सल्ला. असे काका आपल्याही घरी असतील आणि त्यांचे ऐकून पुतणेमंडळी वकिलाकडे निघाली असतील, तर त्यांना दारातच अडवा. एकत्र हिंदू कुटुंबाच्या कर्त्याला कर्ज, आजारपण, मुलीचे लग्न, मुलांचे शिक्षण अशा खऱ्या नडीपायी वडिलोपार्जित जमीन विकता येते आणि ती विक्री सर्वांना बांधते. नड खोटी होती म्हणावे, तर बापाच्या विक्रीविरुद्ध मुलाने दावा लावायची मुदत खरेदीदाराने ताबा घेतल्यापासून बारा वर्षांची. आमची जमीन गेली १९६१ साली. म्हणजे १९७३ सालीच सारे आटोपले. २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क मिळाला, तेव्हा आत्यानेही कान टवकारले होते. पण २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या विक्रीला त्या दुरुस्तीने हात लावलेला नाही. आत्या म्हणाली, "बायकांचा नंबर लागेतो ताटात काही उरलेलंच नसतं." यावर मजजवळ कायदा नव्हता.

तरी हौस म्हणून मी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत अर्ज दिला, फी भरली आणि त्या खरेदीखताची नक्कल मिळवली. पहिला धक्का क्षेत्रफळाचा. जमीन जेमतेम साडेतीन एकर! दुसरा धक्का खालच्या ओळीत होता. विक्रीचे कारण लिहिले होते, 'थोरले चिरंजीवांचे इंजिनियरिंगचे शिक्षणाकरिता'. विश्वेश्वरय्या कॉलेज नागपुरात १९६० साली निघाले होते. काका त्याच्या दुसऱ्या वर्षीच्या भरतीतले.

आजोबांनी ही गोष्ट घरात कुणाला सांगितली नाही. वीस वर्षे ते काकांची बोलणी ऐकत फराळ करीत राहिले, हे मी स्वतः पाहिले आहे.

लक्ष्मीपूजनाला नक्कल खिशात घालून काकांकडे गेलो. काका आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी चिवड्याची बशी पुढे सरकवली आणि सुरुवात केली, "बाबांनी तेव्हा थोडी कळ काढली असती ना..."

मी खिशात हात घातला. नक्कल हाताला लागली. मग रुमाल काढून चष्मा पुसला.

"काका, अकरा एकर होती ना?"

"बारा," काका म्हणाले.