काट्याची पुसलेली आठवण

गेल्या महिन्यांत पेठ वडगांव येथें एका परिचित गूळ-व्यापाऱ्याच्या दुकानीं आम्ही बसलों असतां एक प्रकार दृष्टीस पडला. विजेच्या काट्यांतील आज्ञावली, जिला हल्लीं ‘फर्मवेअर’ म्हणतात, ती कारागिरानें आदल्या सायंकाळीं नवी भरून दिली होती. काटा चालत होता झकास. परंतु सहज म्हणून दहा किलोचें शिक्क्याचें वजन ठेवलें, तों ९·७६० हा आंकडा उमटला. वीस किलो ठेवलें, तर १९·५२०! म्हणजे तीस किलोच्या रव्यामागें शेतकऱ्याचे ७२० ग्रॅम बुडाले. सकाळपासून माल उतरत होता. व्यापारी सचोटीचा, त्याचा चेहराच उतरला.

दोष आज्ञावलीचा नव्हता. काट्याच्या तळाशीं धातूचा ठोकळा असतो. भारानें तो किंचित् वाकतो व त्यावर चिकटविलेल्या पट्ट्यांचा विद्युत्-रोध बदलतो. पण किती बदल म्हणजे किती किलो, हें यंत्रास उपजत कळत नाहीं. रिकाम्या पारड्याचा आणि ठाऊक वजनाचा असे दोन आंकडे त्याला पढवावे लागतात, हेंच अंशांकन. दोन ठोकळे तंतोतंत सारखे नसतात, म्हणून एका काट्याचे आंकडे दुसऱ्यास चालत नाहींत. स्थळाचेंहि महत्त्व आहे. लंडनला जुळविलेला काटा तसाच कोल्हापुराकडे आणला, तर येथील गुरुत्वाकर्षण थोडें कमी असल्यामुळें शंभर किलोस सुमारें ३०० ग्रॅम कमी दाखवील!

आतां ही शिकवण पुसली कशी? तोशिबा कंपनीच्या फुजिओ मासुओका यांनीं १९८४ सालीं जगापुढें मांडलेल्या ‘फ्लॅश’ स्मृतींत सुटें अक्षर खोडतां येत नाहीं. पाटीचा सबंध भागच पुसावा लागतो. अंशांकन त्याच भागांत असलें, किंवा नवी आज्ञावली तें दुसऱ्या जागीं शोधूं लागली, तर यंत्र कारखान्यांतील ठोकळ आंकडे धरून चालतें. तें बंद पडत नाहीं, हीच खरी फसगत.

म्हणून आधीं ते आंकडे वहींत उतरून घ्यावे. आज्ञावली नेमक्या त्याच नमुन्याची असावी, व ती भरतांना वीज जाणार नाहीं अशी तजवीज ठेवावी. अर्ध्यावर वीज गेली तर यंत्र मुकेंच होतें. नंतर आंकडे ताडून हलक्या, मध्यम व जड अशा वजनांनीं परीक्षा घ्यावी. मात्र व्यापारी काट्याचें सील घरच्या हुशार मुलाकडून फोडवूं नये. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ प्रमाणें दुरुस्तीस परवानाधारकच हवा. दुरुस्तीनंतर पुन्हा पडताळणी व शिक्का हवा. एरवींहि अशा काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनीं करावीच लागते.

वडगांवीं वही कोणीं ठेवली नव्हती. काटा झांकून ठेवला गेला. चूक सर्व वजनांस एकाच प्रमाणांत होती, एवढेंच सुदैव. व्यापाऱ्यानें सकाळच्या पावत्या पुढें ओढल्या, प्रत्येक वजनास ९·७६ नें भागून दहानें गुणलें, आणि ज्यांच्या गाड्या परतल्या होत्या त्यांस फोन लावूं लागला.