जीवाणूचं नाव बदललं, बोअरचा वास तोच!

शिंदखेड्यात बोअरच्या पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास आला, तर संशय सल्फेटवर जगणाऱ्या जीवाणूंवर जातो. ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरून ते हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. त्याने लोखंडी पाइपही गंजतो.

1895 मध्ये नेदरलँड्सच्या डेल्फ्टमध्ये बायेरिंक यांनी असा जीवाणू वेगळा केला. पुढे आकार आणि काम पाहून नावं पडली. पण काम एक म्हणजे कूळ एक, असं नसतं. जनुकं ताडून पाहिल्यावर 2020 मध्ये ‘डेल्टाप्रोटिओबॅक्टेरिया’ हा मोठा गटच मोडण्यात आला. ‘डिसल्फोव्हिब्रिओ व्हल्गॅरिस’ झाला ‘नायट्रेटिडिसल्फोव्हिब्रिओ व्हल्गॅरिस’.

म्हणून रिपोर्टमध्ये अनोळखी नाव दिसलं, तर लगेच ‘नवा जीवाणू’ म्हणून फॉरवर्ड करू नका. जुनं नावही शोधा, बरीच माहिती त्याच नावाखाली आहे. आणि लॅबला आधी विचारा: पाण्यात सल्फाइड किती?