गुरांचा कठीण काळ आणि वैरणीचा प्रश्न

उत्तरेकडील थंड देशांत गुरे सांभाळणे म्हणजे मुख्यतः वैरणीचा हिशेब सांभाळणे. तेथे पाच-सहा महिने जमीन बर्फाखाली असते. उन्हाळ्यात कापून वाळविलेले गवत किती आहे, दावणीला तोंडे किती आहेत आणि वसंत ऋतू किती दिवसांनी येणार आहे, या तीन आकड्यांवर शेतकऱ्याचे वर्ष उभे असते. हिशेब चुकला तर जनावर थंडीने मरण्याआधी उपासाने मरते.

मंगोलियाचा अनुभव या बाबतीत ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कडाक्याच्या हिवाळ्यात गुरे पटापट मरू लागतात, त्या आपत्तीला तेथे ‘झुद’ म्हणतात. झुद पूर्वीही येई व तेव्हाही गुरे मरत. परंतु समाजवादी राजवटीत पशुपालकांचे ‘नेगदेल’ नावाचे सहकारी संघ होते आणि अडचणीच्या वेळी वापरावयाचा वैरणीचा सरकारी साठा होता. १९९० नंतर हे संघ मोडीत निघाले, जनावरे वाटून दिली गेली आणि वैरणसाठ्याची व्यवस्थाही ढासळली. त्यानंतर १९९९ ते २००२ या लागोपाठच्या हिवाळ्यांत कोटीच्या वर आणि २००९-१० च्या एका हिवाळ्यात ऐंशी लाखांहून अधिक जनावरे दगावली. हजारो कुटुंबे तंबू गुंडाळून उलानबातरच्या कडेला वस्ती करून राहिली. नेगदेलांच्या कारभारात दोष नव्हते असे कोणी म्हणणार नाही. पण दोष काढून टाकणे वेगळे आणि वैरणीची कोठी फोडून टाकणे वेगळे.

पनवेलच्या वाचकाला हे दूरचे वाटेल. येथे बर्फ नाही. परंतु येथील गुरांनाही त्यांचा हिवाळा आहे. तो वैशाखात सुरू होतो आणि श्रावणात संपतो. कोकणातील वैरण म्हणजे भाताचा पेंढा आणि वरकस जमिनीवरचे वाळलेले गवत. पेंढ्याने पोट भरते, अंगाला फारसे काही लागत नाही. गवतापैकी चांगले ते पूर्वापार मुंबईच्या तबेल्यांकडे जात आले. उरलेल्यावर मे महिना निघतो तेव्हा बैलाच्या बरगड्या मोजता येतात. आणि नेमक्या त्याच बैलाला जूनअखेरीस गुडघाभर चिखलात उतरवून चिखलणी करावयाची असते. वर्षातले सर्वांत अवजड काम आणि जनावराची सर्वांत क्षीण अवस्था एकाच पंधरवड्यात येतात. कोकणातील शेतीच्या दारिद्र्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, पण या साध्या गोष्टीची दखल त्यात क्वचितच आढळते.

पाऊस पडला की हिरवे गवत येते, मग अडचण कसली, असा प्रश्न शहरातील मनुष्य विचारतो. अडचण अशी की पहिल्या पावसाचे कोवळे गवत उपाशी जनावराने हपापून खाल्ले की त्याला हगवण लागते. त्याच सुमारास घटसर्प आणि फऱ्या डोके वर काढतात. पाणथळ जागी चरणाऱ्या गुरांच्या पोटात गोगलगायींमार्फत पर्णकृमी जातात. खुरे सतत चिखलात राहून सडतात. भाताची लावणी झाली की सारी खाचरे गुरांना बंद होतात. चरावयाला उरते ती टेकडी, नाहीतर गावचे गुरचरण. पनवेल परिसरात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. गोठ्याची जमीन ओली, छप्पर गळते, रात्री डासांसाठी धुरी घालावी तर लाकूडही ओले. ज्याच्याकडे पक्का गोठा आणि भरलेला माळा आहे त्याचे निभते. माथेरानच्या पायथ्याशी मालडुंगे-धोधाणीकडील वाड्यांतून दोन-चार गुरे बाळगणाऱ्या ठाकूर-कातकऱ्याकडे यांतले काहीच नसते.

शासनाच्या लेखी मात्र हा काळ कठीण नाहीच. शासनाला जनावराची उपासमार दिसते ती पाऊस न पडल्यावर. २०१२-१३ साली आणि पुन्हा २०१८-१९ साली मराठवाड्यात व पश्चिम महाराष्ट्रात चारा छावण्या निघाल्या. त्या निघावयासच हव्या होत्या. काहींत पुढाऱ्यांच्या बगलबच्च्यांनी कागदावर गुरे बांधली हा भाग निराळा. पण ज्या जिल्ह्यात पाऊस भरपूर तेथे वैरणीची टंचाई असूच शकत नाही, हे गृहीतक तपासण्याची गरज कोणाला वाटत नाही. पर्जन्यमापकात पाणी मोजता येते, पेंढ्यातला कस मोजता येत नाही.

आता गुरचरणाकडे वळू. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या बाविसाव्या कलमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना गावाच्या गुरांसाठी जमीन राखून ठेवता येते. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मे झाले आणि त्या रक्ताच्या मोलाने पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पदरात पडली. या लढ्याचे मोल कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. परंतु त्या हिशेबाचा आधार सातबारा होता. ज्याच्या नावावर गुंठा नव्हता, पण ज्याची गाय गावच्या रानात चरत होती, त्याच्या हक्काची साडेबारा टक्क्यांत मोजदाद झाली नाही. गुरचरण शासनाचे, म्हणून ते शासनाकडून शासनाच्या कंपनीकडे गेले आणि गुराख्याला कोणी विचारले नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावच्या सामाईक जमिनी वाचविण्याचा निवाडा दिला, जुलैत राज्य शासनानेही तसा निर्णय काढला; तोवर पनवेलच्या अनेक गुरचरणांवर इमारती उभ्या होत्या. २०२२ साली गायरानावरील अतिक्रमणांचा विषय उच्च न्यायालयात निघाला, तेव्हा नोटिसा येऊन पडल्या त्या भूमिहीनांच्या घरांवर.

पनवेल आता महानगर आहे, २०१६ पासून महापालिका आहे, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी येथल्या विमानतळाचे उद्‌घाटनही झाले. अशा ठिकाणी गुरांचे कौतुक कशाला, असे आपल्यातलेही काही जण म्हणतात. चिखलणी आता पुष्कळ ठिकाणी यंत्राने होते हेही खरे. राज्यातील गोवंश २०१२ साली दीड कोटीच्या वर होता, तो २०१९ च्या पशुगणनेत एक कोटी चाळीस लाखांच्या आसपास आला. पण गुरे कमी झाली म्हणून उरलेल्यांचा प्रश्न सुटत नाही, तो अधिक गरिबांच्या गळ्यात पडतो. त्यात मार्च २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हाताऱ्या बैलाला बाजार राहिला नाही. त्याच्या किमतीतून नव्या बैलाचा काही भाग निघे, तोही बुडाला. कायदा करणाऱ्यांनी गोवंशाविषयी जेवढी भक्ती दाखविली तिच्या शतांश वैरण दिली असती तर महामार्गाच्या कडेला प्लास्टिक चघळणारी गुरे दिसली नसती.

मनात आणले तर शासनाला काय करता येते हे लंपी रोगाच्या वेळी दिसले. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यात साथ उद्भवली आणि काही महिन्यांत बहुतेक गोवंशाला मोफत लस टोचली गेली. मेलेल्या दुभत्या गाईमागे तीस हजार, बैलामागे पंचवीस हजार, वासरामागे सोळा हजार रुपये ठरले. मग घटसर्पाची लस दरवर्षी पावसाआधी प्रत्येक वाडीपर्यंत का पोचू नये? पेंढ्याचा कस वाढविण्याची रीतही अवघड नाही. शंभर किलो पेंढ्यावर चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडावा आणि तो तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवावा. प्रमाण चुकले तर विषबाधेचा धोका असतो, म्हणून हे काम कोणी तरी वाडीवर जाऊन, हाताला हात लावून शिकविले पाहिजे. पत्रके छापून ते होणार नाही.

तालुक्याच्या पूर्वेकडील गटांसाठी भात झोडपणीनंतर, पेंढा स्वस्त असतो तेव्हाच, सहकारी संस्थेमार्फत खरेदी करून कोठी भरावी आणि ती मे ते जुलै या काळात ना नफा तत्त्वावर उघडावी. उरलेल्या गुरचरणांची मोजणी करून हद्दी लावाव्यात. या मागण्या पंचायत समितीपुढे न्यावयाच्या तर ग्रामसभांचे ठराव अंदाजपत्रकापूर्वी, म्हणजे दिवाळीनंतर लगेच व्हावयास हवेत. लसीकरणाचे वेळापत्रक एप्रिलमध्येच तहसील आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांकडून लेखी घ्यावे लागेल. मृग लागल्यानंतर धोधाणीच्या वाटेवर लसीची पेटी चढत नाही.